हिमालयात बर्फातून चालताना: हिमस्खलनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या क्लबात हिवाळी ट्रेकच्या बैठका सुरू होतात. येणारी मंडळी सह्याद्रीत पाय मुरलेली असतात. कुणी नळीची वाट चढलेलं असतं, कुणी राजगड-तोरणा एका दमात केलेला असतो. दमसासाची काळजी कुणालाच नसते. बर्फाला मात्र खडकाचे आणि मातीचे नियम लागू होत नाहीत, त्यामुळे सह्याद्रीत बसलेला अंदाज तिथे चुकतो. बैठकांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. गिर्यारोहणाच्या रीतसर प्रशिक्षणाची जागा ती घेऊ शकत नाहीत, हे आधीच सांगतो.

हिमस्खलन म्हणजे वरून बर्फाचा कडा कोसळतो, असंच ना?

वर्तमानपत्रात ‘हिमकडा कोसळून’ असं छापून येतं, त्यामुळे डोळ्यांपुढे तेच चित्र राहतं. हिमनदीचे कडे कोसळतात हे खरं, पण ट्रेकरचा जीव घेतो तो बहुधा स्लॅब. घराला आपण स्लॅब टाकतो, तोच शब्द. वाऱ्यानं किंवा नव्या हिमवर्षावानं दाबून बसलेला, एकसंध, हातभर जाडीचा थर उतारावर पडून असतो आणि त्याच्याखाली एक कच्चा थर असतो. हा कच्चा थर पुष्कळदा साखरेसारखा असतो: दाणे मोठे, कोरडे, एकमेकांना न चिकटणारे. मुठीत दाबलात तर गोळा होत नाही, बोटांमधून सांडून जातो.

ही साखर कधी बनते? बर्फ थोडाच पडलेला असतो आणि रात्री कडाक्याच्या थंड असतात तेव्हा. जमिनीलगतच्या उबेतून वाफ वरच्या गारठ्याकडे सरकत राहते आणि वाटेत खालच्या बर्फाचे दाणे बदलून टाकते. म्हणजे जानेवारीत ‘यंदा बर्फ कमीच आहे’ म्हणून आपला जीव भांड्यात पडतो, तेव्हाच पुढच्या मोठ्या हिमवर्षावासाठी कच्चा पाया घातला जात असतो.

अशा उतारावर पाऊल पडलं की खालचा थर बसतो, ते बसणं क्षणात उतारभर पसरतं आणि वरचा सबंध स्लॅब सुटतो. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड एवढाच तुकडा धरा. घनमीटरला २०० किलो या हिशेबानं तो २५० टन भरतो. दहा टनी ट्रक मोजले तर पंचवीस. कोरडा स्लॅब ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो, त्यामुळे पळून वाचण्याची गोष्ट सोडून द्या.

जगभरच्या अपघातांचा अनुभव असा, की अडकलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांवर आलेला उतार त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सोडवलेला असतो. मला यात दिलासा वाटतो. आभाळातून येणारं संकट आपल्या हातात नसतं, पण कुठल्या उतारावर पाय ठेवायचा ते आपल्या हातात असतं.

किती उतार असला की धोका?

बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ च्या आसपास सर्वांत जास्त. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे जिन्याएवढा चढ आला की सावध व्हायचं. सह्याद्रीत ज्या चढाला आपण ‘काही विशेष नाही’ म्हणतो, तोच हा चढ. फार उभ्या कड्यावर बर्फ साचून राहत नाही, पडता पडता झडत जातो. म्हणून कडा पाहून वाटणारी भीती आणि गुळगुळीत उतार पाहून वाटणारा भरवसा, दोन्ही पुष्कळदा उलटे ठरतात.

कोन मोजायला ट्रेकिंग पोल उताराच्या दिशेनं बर्फावर आडवा टाका, त्यावर फोन ठेवा आणि कोन दाखवणारं ॲप वाचा. सवयीसाठी हे आधी घराजवळच्या टेकडीवर करून बघा. डोळ्यांचा अंदाज किती चुकतो ते पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. काही नकाशा-ॲपमध्ये उताराचा कोन रंगात दिसतो. नियोजनाला ते उपयोगी आहे, पण त्यामागची उंचीची माहिती ढोबळ असल्यानं लहान, उभे टप्पे त्यात हरवतात.

२५ अंशांखालचा उतार स्वतः क्वचितच सुटतो. पण आपण सपाटीवर आहोत एवढ्यानं भागत नाही, डोक्यावर काय आहे ते बघावं लागतं. वरचा उतार सुटला तर बर्फ खालच्या सपाटीवर लांबवर येतो. देवदाराच्या दाट जंगलातून वरपासून खालपर्यंत उतरलेला, झाडं नसलेला पट्टा दिसला तर ती बर्फाची जुनी वाट समजा. तिच्या कडेच्या झाडांना वरच्या बाजूच्या फांद्या नसतात, आणि भूर्जाची झाडं बुंध्यापाशीच उताराकडे वाकलेली असतात. उन्हाळ्यात अशा पट्ट्याच्या पायथ्याशी तंबूला फार सुंदर जागा मिळते. हिवाळ्यात तिथे तंबू लावू नये.

नाळेतून चढणं सोपं नाही का? कड्यापेक्षा बरं.

सह्याद्रीत खरं आहे. वाट चुकली की आपण नाळ शोधतो, आणि ती सवय अंगात इतकी भिनलेली असते की बर्फातही पाय आपोआप तिकडे वळतात. बर्फात मात्र नाळ, म्हणजे दोन उतारांमधली अरुंद घळ, ही सर्वांत वाईट जागा. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून सुटलेला बर्फ तिथेच येऊन साचतो. मोकळ्या उतारावर जो बर्फ पसरून गुडघाभर झाला असता, तोच नाळेत पुरुषभर खोल होतो. ओढ्याचं पात्र, उताराखालचा खड्डा, रस्त्यासाठी कापलेली दरड यांचंही तसंच. चालायला धार बरी. फक्त धारेवर वाऱ्यानं साचलेला बर्फ घराच्या वळचणीसारखा दरीकडे बाहेर आलेला असतो. त्याला कॉर्निस म्हणतात आणि तो पोकळीवर असतो. धारेच्या टोकापासून बरंच आत चालायचं, फोटोसाठीसुद्धा पुढे जायचं नाही.

पुढे लोक गेलेत, वाट पडलेली आहे. मग काय भीती?

पडलेली वाट एवढंच सांगते की मघाशी कुणीतरी इथून गेलं. कच्चा थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. नऊ जण जाड बर्फावरून जातात आणि दहाव्याचा पाय नेमका पातळ जागी पडतो. त्यातून सकाळी सातला घट्ट असलेला बर्फ दुपारी बाराला तसाच राहत नाही.

ओरडल्यानं किंवा शिट्टी वाजवल्यानं हिमस्खलन होतं का?

नाही. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो. धोका असतो तो माणसाच्या वजनाचा. गरज पडली तर बिनधास्त ओरडा.

दोन दिवस बर्फ पडला आणि आज लख्ख ऊन आहे. आता निघायला हरकत नाही ना?

सगळ्यांत जास्त हरकत याच दिवशी. नवा बर्फ पडल्यावरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक असतात आणि नेमकं तेव्हाच आभाळ निळं असतं. वारा असेल तर आणखी बिकट. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडच्या आडोशाला नेऊन टाकतो, आणि आभाळातून एक कण न पडताही तिथे तासाभरात मोठा भार साचतो.

एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारी महिना, गढवालमधलं एक बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण. दोन रात्री आम्ही चौदा जण तंबूवरचा बर्फ झटकत काढल्या होत्या. तिसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की डोळे उघडवेनात. रजेचे दोन दिवस उरले होते, तिकिटं काढलेली होती, आणि शिखर समोर दिसत होतं. आमचे वाटाडे, त्यांना आम्ही भैजी म्हणत होतो, तीसेक पावलं पुढे गेले. अचानक पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला. वरच्या मजल्यावर कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा. आवाज कानांपेक्षा तळपायांना जास्त जाणवला. बर्फ दोन बोटं खाली बसला आणि भैजींच्या बुटापासून एक बारीक भेग डावीकडे सरळ पळत गेली, आरशाला तडा जावा तशी. जमीन जवळजवळ सपाट होती म्हणून काहीच सरकलं नाही. भैजींनी काठी बर्फात खुपसली. आधी ती कष्टानं आत गेली आणि मग एकदम मुठीपर्यंत घुसली. वर बघून ते एवढंच म्हणाले, “ऊपर भी यही है.” आणि मागे वळले.

संध्याकाळपर्यंत समोरचा उतार जसाच्या तसा होता. दोघांनी मला ते बोलूनही दाखवलं. निर्णय तरीही बरोबरच होता, आणि आजही मी तोच घेईन.

तो ‘धप्प’ सोडून आणखी कोणत्या खुणा ओळखायच्या?

आसपासच्या, तशाच दिशेच्या उतारांवर ताजी हिमस्खलनं दिसणं ही सर्वांत मोठी खूण. पायाखालून पळणाऱ्या भेगा, अंगावर येणारा जोराचा वारा, बर्फावर पडलेला पाऊस, एकाएकी वाढलेली ऊब. उन्हाच्या उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गरगरत खाली येऊ लागले की बर्फ ओला होऊ लागला आहे. ओलं हिमस्खलन घसाऱ्यासारखं एका बिंदूतून सुटतं आणि खाली फाकत जातं. वेग कमी असतो, पण वजन सिमेंटच्या मालासारखं.

उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांना ऊन कमी लागतं. तिथे बर्फ छान भुसभुशीत राहतो आणि कच्चा थरही आठवडेच्या आठवडे टिकतो.

कोणता महिना सुरक्षित?

महिन्यावर भरवसा ठेवता येत नाही, धोक्याचा प्रकार तेवढा बदलतो. डिसेंबर-जानेवारीत बर्फ थोडा, पाया साखरेचा. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत पश्चिमी झंझावात, म्हणजे हवामानाच्या बातम्यांत ऐकू येणारा वेस्टर्न डिस्टर्बन्स, एकामागून एक येतात आणि मोठे हिमवर्षाव होतात. मार्च-एप्रिलपासून ओल्या हिमस्खलनांचा काळ. मे-जूनमध्ये सर पास, रूपिन पास, बुरान घाटीसारख्या खिंडींत बर्फ पहाटे दगडासारखा आणि दुपारी लापशीसारखा असतो. म्हणून खिंड पहाटे गाठायची आणि ऊन चढायच्या आत उतार सोडायचा. याच दिवसांत ओढ्यांवरचे बर्फाचे पूल आतून पोखरलेले असतात. खाली पाणी ऐकू आलं तर वाटाड्यानं काठीनं तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका.

ऑक्टोबरला आपण निर्धास्त समजतो, ते समजू नये. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ आणलं. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास चाळीसहून अधिक माणसं गेली. म्हणून ट्रेकला निघण्याआधी बंगालच्या उपसागराचाही अंदाज बघायला मी सांगतो. आणि ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीजवळ द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर नेहरू पर्वतारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले. मृतांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. अनुभव, साहित्य, शिस्त सगळं असताना हे घडलं, हे कायम लक्षात ठेवा.

हिमस्खलनाचा अंदाज कुठे मिळतो?

चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी इशारे देते. मनालीची जुनी ‘सासे’ संस्था २०२० मध्ये हिच्यातच विलीन झाली. इशारा जिल्हा आणि उंचीनुसार असतो, तुम्ही ज्या उतारासमोर उभे आहात त्याचा नसतो. त्याच्या जोडीला हवामान विभागाचा अंदाज आणि गावातल्या माणसांचं बोलणं घ्या. उत्तराखंडात कुणी ‘ग्लेशियर आया है’ म्हणालं तर त्याचा अर्थ पुष्कळदा नाळेत हिमस्खलन उतरलंय असा असतो.

युरोप-अमेरिकेत राहून तिथल्या डोंगरांत जाणाऱ्यांसाठी: तिथे १ ते ५ अशी पातळी असते. तीन म्हणजे ‘मधली’ असं वाचू नका. सर्वाधिक बळी जातात ते बहुतांशी याच पातळीला, कारण चार आणि पाचला लोक घरीच बसतात.

गुलमर्गला स्कीइंग करायचं आहे. गोंडोलानं वर गेलं की झालं ना?

गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. गस्त घातलेल्या हद्दीच्या बाहेर पडलात की तो मोकळा डोंगर आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे दोन पोलिश स्कीपटू गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव लावणारं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र) आणि स्थानिक गाइडशिवाय हद्द ओलांडू नका.

सोबत काय न्यायचं? मायक्रोस्पाइक आहेत माझ्याकडे.

मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायच्या काटेरी साखळ्या, घसरण्यापासून वाचवतात, हिमस्खलनाशी त्यांचा संबंध नाही. ज्या वाटेवर ३० अंशांचे उतार टाळताच येत नाहीत, तिथे तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर, बर्फात टोचून शोधायची अडीच-तीन मीटरची घडीची प्रोब काठी आणि धातूचं फावडं. प्लास्टिकचं फावडं घट्ट बसलेल्या बर्फात मोडतं. तिन्ही वस्तू एकमेकींवाचून निरुपयोगी आहेत, आणि सराव नसेल तर तिन्ही मिळूनही. फोन ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोध घेताना ५० सेंटिमीटर.

अमेरिकेतल्या भावानं किंवा मावशीनं सॅटेलाइट मेसेंजर आणून दिला असेल तर तो घरीच ठेवा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि तशी उपकरणं बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळांवर परदेशी गिर्यारोहकांना यावरून ताब्यात घेतलं गेलं आहे.

संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर?

एका वेळी एकच जण, बाकीच्यांची नजर त्याच्यावर. सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, पोलचे पट्टे मनगटातून काढलेले, तोंडावर बफ (गळ्यातलं नळीसारखं कापड). शक्य तितक्या वरून जायचं आणि मध्ये थांबायचं नाही. पलीकडे दाट झाडी किंवा धार गाठूनच पुढच्याला हात करायचा.

मीच सापडलो तर? आणि सोबती गाडला गेला तर?

सापडलात तर ओरडा, पोल टाका, बाजूला निसटायचा प्रयत्न करा, वर राहायला धडपडा. वेग कमी होतोय असं वाटलं की हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करा. बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो, नंतर बोटही हलत नाही.

सोबती गाडला गेला तर घड्याळ तुमच्या विरुद्ध आहे. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊच्या आसपास वाचतात. अर्धा तास उलटला की तीनातला एक. बहुतेक जण गुदमरून जातात. सियाचीनमध्ये फेब्रुवारी २०१६ ला लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. ती गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मनात आहे, पण ते तंबूत होते. तरीही पुढे रुग्णालयात त्यांचा प्राण गेला, आणि त्याच चौकीवरचे नऊ जण, त्यात एक साताऱ्याचा जवान, वाचले नाहीत.

म्हणजे हेलिकॉप्टरची, एसडीआरएफ या राज्याच्या आपत्ती पथकाची, ११२ ची वाट बघण्यात सोबती जातो. तो शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांनी पक्की धरा. वरून आणखी काही येत नाही याची खात्री करून त्या जागेपासून खाली शोधा. टोपी, हातमोजा, सॅकचा पट्टा, काहीही दिसलं तर ओढून बघा. ट्रान्सीव्हर असतील तर सगळ्यांचे ‘शोध’वर टाका. नसतील तर पोलच्या चकत्या काढून त्यांनीच टोचत जा. सापडला की डोक्यावरून सरळ खड्डा खणू नका. उताराच्या खालच्या बाजूनं आत शिरा, आधी तोंड आणि छाती मोकळी करा, श्वास नसेल तर तोंडानं श्वास देत सीपीआर सुरू करा. शक्य असेल तर एकाला फोनकडे पाठवा, सगळ्यांना नव्हे.

आम्ही ट्रेकला नाही, यात्रेला किंवा गाडीनं जाणार आहोत.

तरीही वाचा. केदारनाथच्या पायवाटेवर मे महिन्यात भैरव आणि कुबेर या नाळांतून बर्फ उतरलेला आहे. एप्रिल २०२३ मध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर सात पर्यटक गेले. २८ फेब्रुवारी २०२५ ला माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर गाडले गेले, ४६ वाचले. नाळ जिथे रस्त्याला मिळते तिथे गाडी थांबवू नका, मुलांना बर्फात खेळायला सोडू नका. पोलिसांनी अडवलं तर हुज्जत न घालता थांबा.

आयोजकाला काय विचारावं?

उंची, जेवण आणि तंबू यांच्या आधी हे विचारा: वाटेत ३० अंशांवरचे उतार कुठे आहेत? ताजा बर्फ पडला तर पर्यायी वाट कोणती? मागे फिरायचं कोण ठरवणार, आणि त्याच्यावर पैसे परत द्यायचा दबाव तर नाही ना? एकदा मला यावर “मौसम देख लेंगे” एवढंच उत्तर मिळालं होतं. त्या गटात मी गेलो नाही.

बाकीचे पुढे जाणार आहेत आणि मला पटत नाही. मी काय करू?

आदल्या संध्याकाळी, तंबूत चहा घेताना बोला. उतारावर उभं राहून बोलायला उशीर झालेला असतो. ‘भीती वाटते’ म्हणण्यापेक्षा ‘काल दोन फूट पडला, वारा आहे, पुढचा उतार ३५ चा आहे’ असं सांगा. आकड्यांवर चर्चा होते. तरीही गट निघाला तर एकटे खाली उतरू नका. बहुतेक गटांत मागे चालणारा दुसरा वाटाड्या किंवा स्वयंपाकी कॅम्पवर असतो. त्याच्यासोबत कॅम्पवर थांबता येतं का, हे ट्रेक सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या. आमच्या क्लबात आम्ही तसा एक माणूस मुद्दाम मोकळा ठेवतो.